पेन्सिल मोठ्यांच्या हातात

पुस्तकं फाडणाऱ्या एका बाईबद्दल मला चांगलं लिहायचं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्यांनी मन घट्ट करावं. मीही त्यातलीच होते. आठ वर्षांची असताना आईचं बोट धरून मरोळ गावठाणातल्या त्या ओट्यावर पहिल्यांदा चढले, तेव्हा एक धिप्पाड म्हातारी झगा सावरून बसली होती आणि मांडीवरचं जाडजूड पुस्तक भाकरी मोडावी तसं मोडत होती. पुठ्ठा कडाकडा उलटा वाकवला, कण्यावरून सुरी फिरवली, एका पुस्तकाची तीन झाली. मग दाभणात पांढरा दोरा ओवला आणि गोणी शिवतात तसा एकेक तुकडा शिवून टाकला.

मी रडायला लागले. खरंच.

"काय झालं, मॅन, हिला?" म्हातारीने आईला विचारलं.

"तुमी पुस्तक फाडलात म्हणान रडता ती," आई म्हणाली. आम्ही मूळचे मालवणकडचे, आणि आईने मुंबईत येऊन बाकी सगळं बदललं, भाषा नाही.

"फाडलं कुठं? बारीक केलं. जाडं पुस्तक घरात आलं की पोरं बिचकतात, वकील आल्यासारखी. बारीक असलं की मांडीवर घेतात. तू पण घे, मॅन."

ही दुसरी मॅन म्हणजे मी. ती सगळ्यांनाच मॅन म्हणायची. आईला, चर्चच्या फादरना, स्वतःच्या कोंबड्यांना.

तिचं नाव मी देत नाही. तिला ते कुठेही छापलेलं आवडलं नसतं, आणि छापण्यावरून मी एकदा तिचं केवढं नुकसान केलं ते पुढे सांगणारच आहे. सगळे तिला आंटी म्हणायचे. ती आता नाही. घर आहे, ओटा आहे, ओट्यावर कुणाच्या तरी दोन बाइक उभ्या असतात.

आंटी गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरांपैकी एका घरातली. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या औषधांच्या एका कंपनीत तिने उभं आयुष्य लेबलं तपासली. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या आणि ही बघायची, लेबल सरळ आहे का, औषधाचं नाव तेच आहे का, तारीख आहे का. निवृत्त झाल्यावर ही सवय बाहेर सांडली. रिक्षा उभी दिसली की तिच्या पाठीवर लिहिलेलं मोठ्याने वाचायची. पाव ज्या कागदात आले तो कागद हाताने सपाट करून वाचायची. माणूस बोलत असताना त्याच्या टी-शर्टवर काय छापलंय ते वाचायची आणि मध्येच विचारायची, "याचा मिनिंग काय, मॅन?" बहुतेकांना माहीत नसायचा. मग तिला फार वाईट वाटायचं. "छातीवर काय घेऊन फिरतो ते म्हायत नाय," म्हणायची.

आणि ती मुलांसाठी पुस्तकं ठेवायची. दोन लोखंडी कपाटं, घरात जागा नाही म्हणून ओट्यावरच. पण मुलांना पुस्तक द्यायची नाही. इथे नवीन माणूस चक्रावायचा. मुलांच्या पुस्तकांची बाई मुलांना पुस्तक देत नाही म्हणजे काय? म्हणजे एवढंच की मुलाबरोबर घरातलं कुणीतरी मोठं हवं. आई, बाप, आजी, आत्या, अगदी शेजारीण चालेल. पुस्तक घराला मिळायचं. वहीत घरांचीच नावं: 'पत्र्याचं गेट', 'कुत्रेवाले', 'वरच्या माळ्यावरचे मालवणी'. हे शेवटचे आम्ही.

परत आणताना गोष्ट मोठ्या माणसाने सांगायची. पोराने तोंड उघडलं की आंटीचा हात वर. "तू गप. तुला म्हायत हाय ते मला म्हायत हाय. ह्याला बोलू दे."

बापांची जी तंतरायची ना! गावडेंचं उदाहरण सांगते. हे अलीकडचं आहे. गावडे नाक्याजवळच्या एका टॉवरमध्ये लिफ्टमन आहेत, त्यांची मुलगी स्वरा तिसरीत. तिने एका कावळ्याचं पुस्तक नेलं होतं. कावळ्याचं झाड तोडलं जातं आणि तो नवं झाड शोधत गावाबाहेर जातो, अशी गोष्ट. स्वराने वाचून दाखवलं तेव्हा गावडे डबल ड्युटी करून आडवे झाले होते. रविवारी आंटीपुढे उभं राहून त्यांनी घसा खाकरला.

"तो कावळा... त्याला नोकरी लागली."

"कुठं?"

"टॉवरात. लिफ्टवर."

स्वराने कपाळावर हात मारला.

"मंग?" आंटी म्हणाली.

"मग काय. पंख असून दिवसभर डब्यात. लोक विचारतात, काय रे कावळ्या, उडत का नाय? तो बोलतो, उडतो ना साहेब, रोज अठराव्या माळ्यापर्यंत. फक्त दार बंद करून उडतो."

आंटी एवढी हसली की मागच्या दारातून कोंबड्या ओरडायला लागल्या. तिने पेन मागवलं आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर गावडेंची गोष्ट उतरवून काढली. त्यांना दाखवली. गावडेंनी ते पान हातात धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरोबर." पुढच्या घराला एका पुस्तकात दोन कावळे मिळाले. तिची कितीतरी पुस्तकं अशी मागून वाढलेली होती.

तुकड्यांचं कारण मला उशिरा कळलं. बारीक पुस्तक मांडीवर घेतात हे खरं, पण अर्धंच. एका पुस्तकाचे तीन तुकडे ती तीन घरांना द्यायची. पहिला तुकडा संपला की दुसरा कुणाकडे आहे ते तिला विचारायचं, आणि त्या घरी जाऊन बदलून आणायचा. बेटावर अडकलेल्या तीन भावंडांच्या गोष्टीचा पहिला तुकडा मी एका दुपारी संपवला. धाकट्याला साप चावणार तेवढ्यात दोरा. दुसरा तुकडा होता कदम काकूंकडे. आणि कदम काकू आणि माझी आई पाण्याच्या नळावरून पावसाळ्यापासून बोलत नव्हत्या.

मी दोन दिवस घरात तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी आई पदराला हात पुसत उठली, कदमांच्या दारात गेली आणि दाराकडे न बघता म्हणाली, "पोरीक दुसरो भाग व्हयो."

काकू आतून म्हणाल्या, "आणि आमचा बाब्या पहिल्यासाठी रडतोय त्याचं काय?"

त्यांची मैत्री वगैरे झाली असं मी म्हणणार नाही. नळावर त्या आजही एकमेकींच्या बादल्या सरकवतात. पण तेव्हापासून सरकवताना बोलतात.

आंटीला मी विचारलं होतं, तुम्हाला भांडण माहीत होतं का? ती म्हणाली, "मी पुस्तक दिलं, मॅन. भांडण मी दिलं नाय."

आता हाऊजी, म्हणजे तंबोला. गावठाणात लग्न असो, वाढदिवस असो, हाऊजीशिवाय कार्यक्रम सुटत नाही. आंटीने त्यातले आकडे काढून टाकले आणि शब्द घातले. त्या आठवड्यात जी पुस्तकं घरोघर गेली त्यांतले शब्द. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर ती हाताने तिकिटं लिहायची, प्रत्येकावर पंधरा शब्द. रविवारी चार वाजता ओट्यावर घरं जमायची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून ती चिठ्ठी काढायची आणि ओरडायची, "विहीर!" ज्याच्या तिकिटावर विहीर त्याने खोडायची. पहिली ओळ पुरी झाली की बक्षीस एक अंडं, पूर्ण तिकिटाला दोन.

मरोळवरून विमानं इतकी खाली जातात की बोललेलं ऐकू येत नाही. मग आंटी चिठ्ठी वर धरून थांबायची, सगळा ओटा थांबायचा. विमान गेलं की, "हां, विहीर."

पण खरी गंमत नियमात होती. पेन्सिल मोठ्यांच्या हातात. तिकीट मोठ्यांच्या मांडीवर. मुलाने तिकिटाला बोट लावायचं नाही, कितवी ओळ तेही सांगायचं नाही. फक्त शब्द दिसतो कसा ते कानात सांगायचं. त्यामुळे ओट्यावर ही एवढी कुजबुज चालायची: "दोन्ही बाजूंनी कान असलेलं", "तो लोंबता लाडू", "पोटात रेघ, मग वर टोपी". प्रत्येक घराने अक्षरांची आपापली नावं पाडली होती. आमच्याकडे 'ट' म्हणजे गळ, मासे पकडायचा. आई दर वेळी उशीर लावायची. चष्मा नाही म्हणायची. मला वाटायचं, हिचे डोळे गेलेत.

मला वाटायचं हा खेळ मुलांसाठी आहे. आम्हा सगळ्या मुलांना तसंच वाटायचं.

मी मोठी झाले, कॉलेजात एका गटात शिरले, पत्रकं लिहायला लागले. पत्रक लिहिण्याचं एक शास्त्र आहे: पहिल्या ओळीत थोबाडीत मारायची, शेवटच्या ओळीत मागणी. मला ते चांगलं जमतं. आमच्या वॉर्डात मुलांसाठी बांधलेली अभ्यासिका कुलूपबंद आहे. आत टेबलं आहेत, पंखे आहेत, बाहेर उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे, आणि पोरं जिन्यात बसून अभ्यास करतात. हे लिहिताना आजही माझं डोकं फिरतं. कुलूप आजही तसंच आहे.

आमची पत्रकं मी आंटीला वाचायला द्यायचे. आंटी ती लेबलासारखी वाचायची.

"कोणी घ्यायचं ते लिवलं नाय."

"म्हणजे?"

"हे कोणासाठी? पोरांसाठी? मोठ्यांसाठी? दिवसातून किती वेळा? जास्त झालं तर काय होईल? औषध असतं तर मी बाटली बाजूला काढली असती, मॅन."

मी हसायचे. आणि जे पत्रक तिला दाखवायला हवं होतं ते दाखवलं नाही. तिला सरप्राइज द्यायचं होतं.

त्याचं शीर्षक होतं 'अभ्यासिकेचं कुलूप कुणाच्या बापाचं?' आणि खाली, चौकटीत, ठळक टाइपात मी आंटीच्या ओट्याबद्दल लिहिलं. अक्कल पाजळायची म्हणून ते जसंच्या तसं देते: 'सरकारला जे जमलं नाही ते गावठाणातल्या एका ओट्यावर घडतं आहे. लिहिता-वाचता न येणारे बाप, निरक्षर आया, इथे आपल्या मुलांकडून अक्षरं शिकत आहेत!' मला ते दिसलं होतं ना. गटाचे घरोघरचे सर्व्हे करून करून नजर तयार झाली होती. गावडे कागद कसा धरतात ते मी बघितलं होतं. आणखी दोघं-तिघं हेरले होते. नाव कुणाचंच घातलं नाही. त्याचा मला अभिमानही वाटला.

चाळीत वाटलं, गावठाणात वाटलं, नाक्याजवळच्या टॉवरच्या प्रत्येक लेटरबॉक्समध्ये स्वतः टाकलं.

रविवारी चार वाजता ओट्यावर एकच घर आलं. लक्ष्मीअक्का आणि तिची दहा वर्षांची शिल्पा. अक्का कर्नाटकातली, चर्चमागच्या गल्लीत भाड्याने राहणारी. ती आली, कारण तिला मराठी वाचता येत नव्हतं. पत्रक तिच्याही दारात पडलं होतं, तिने त्यात शेंगदाणे बांधून आणले होते.

बाकी सात-आठ मुलं खाली रस्त्यावर उभी होती, एकटी. स्वरा म्हणाली, "पप्पा बोलले, आपल्याला गरज नाय. लिफ्टमध्ये लोक त्यांना विचारतात, काय गावडे, अक्षरं गिरवता काय."

आंटीने मुलांना वर घेतलं नाही. नियम. तिने डबा उघडला आणि दोघींसाठी पूर्ण खेळ पुकारला, शेवटच्या चिठ्ठीपर्यंत. विमानासाठी थांबलीसुद्धा. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

मी तणतणत घरी गेले. लोकांना खरं झोंबतं, आपल्या समाजाचं हेच वाटोळं, वगैरे भाषण डोक्यात तयार होतं. आई स्वयंपाकघरात बसली होती, पत्रक समोर.

आई त्या रविवारी गेली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी मोठी झाले तरी तिने ओटा सोडला नव्हता. ज्या पोराबरोबर कुणी नसेल त्याच्याबरोबर ती बसायची.

"ह्या तू लिवलंस?"

"हो. का?"

"'निरक्षर आया'," तिने त्या शब्दांखाली नख ओढलं. "ह्यो कोण?"

"आहेत काहीजणी. नावं नाही टाकली मी."

"नावां कित्याक व्हयी? ओट्यार कोण जाता ता गल्लीक ठावक नाय?" तिने नख तिथेच टेकवून ठेवलं. "मीच गो ती."

मी हसले. हसलेच. "तू? तू रोज पेपर वाचतेस."

"आता वाचतंय. तुका घेऊन पयल्यांदा गेलंय तेव्हा माका माझा नाव येय नाय होता. म्हायेरच्या जमनीच्या कागदार आंगठो आसा माझो. तुझ्या बापाशीक आजून म्हायत नाय. फॉर्म भरूचो आसलो की मी सांगतंय, चष्मो घराक ऱ्हवलो." पत्रकाची घडी करून तिने ती डब्याखाली सरकवली. "सोळा वर्सां कोणाक गावलंय नाय. तू छापून टाकलंस."

तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने ओरडत असता, आणि ज्या बाईच्या हातचं जेवता तिच्या मांडीवरच्या तिकिटाकडे तुमचं लक्षच नसतं. यावर माझ्याकडे घोषणा नाही.

आई त्यानंतर घराबाहेर पडेना. भाजी मी आणायची, दूध मी आणायचं. माझ्याशी ती बोलायची, पण कामापुरतं.

बुधवारी मी आंटीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, घरोघर जाऊन माफी मागते.

"कसली माफी?"

"असं लिहिलं त्याची."

"कसं लिवलं? म्हंजे दारात उभी राहणार आणि बोलणार, तुमाला वाचता येत नाय असं मी लिवलं, सॉरी. शेजारीण ऐकणार. आधी कागदावर बोलली, आता तोंडानं बोल."

तिने ताटलीतले खडे बाजूला सारले.

"आमच्या फॅक्टरीत एक बाई होती," ती म्हणाली. "मशीन बंद पडलं तर लेबल हातानं लावायची. हात एकदम फास्ट. एके दिवशी पंचवीस-तीस बाटल्या माझ्याकडे आल्या, सगळी लेबलं उलटी. डोकं खाली, पाय वर. मी सुपरवायझरसमोर, सगळ्या बायकांसमोर तिला बोलली, काय मॅन, वाचता येत नाय का तुला?"

"मग?"

"मंग काय. नव्हतं येत. दुसऱ्या दिवशी आलीच नाय. डबा तिथंच ठेवून गेली. मी तिच्या घरी गेली, मार पाया पडली. तिने दार उघडून बोलली, कोण? मी तुमाला ओळखत नाय." आंटीने ताटली खाली ठेवली. "माफी मी मागितली होती. काय उपयोग झाला नाय."

मला रडू यायला लागलं. तिला रडणं आवडायचं नाही.

"ए मॅन. रविवारी ये. पुढं बस, रस्त्याकडे तोंड करून. आणि तुझ्या त्या चळवळीतल्या कोणाला बोलवू नको."

"काय करायचंय?"

"हाऊजी. अजून काय."

रविवारी मी जाऊन पुढे बसले. माझ्या डावीकडे आंटी, मध्ये शिल्पा. डबा लक्ष्मीअक्काच्या हातात होता. आंटीने आमच्या दोघींच्या मांडीवर एकेक तिकीट ठेवलं. तिकिटं अक्काने लिहिली होती. शब्द मराठीच होते, नेहमीचे, पण कानडी अक्षरांत. शिल्पाला ती अक्षरं अक्काने घरी शिकवली होती.

"कासव," अक्का हळूच म्हणाली. तिला इतकं मोठ्याने बोलायची सवय नव्हती.

"ओरड, मॅन!"

"कासव!"

कासव मला चांगलं माहीत आहे. मला त्याच्यावर निबंध लिहिता येईल. मी तिकिटाकडे बघितलं. पंधरा जिलब्या. प्रत्येकीच्या डोक्यावर तुरा.

"ताई," शिल्पा कानात म्हणाली, "पहिला तुरेवाला."

"सगळेच तुरेवाले आहेत."

"तो नाय, पोट कापलेला तुरेवाला."

मी एक शब्द खोडला. शिल्पाने डोळे मिटले. "ती भाकरी होती."

शेजारी आंटीने 'विहीर' म्हणून कायतरी भलतंच खोडलं आणि स्वतःवरच जोरात हसली. रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले. कदम काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. "ही ग्रॅज्युएट ना?" त्यांनी कुणाला तरी विचारलं. मी पुन्हा चुकले. खाली कुणीतरी हसलं आणि मला वाटलं, बस झालं, उठावं. पण रस्त्याकडे तोंड करून बसायला सांगितलं होतं.

गावडे ड्युटीवर निघाले होते, युनिफॉर्म घालून, सोबत नाक्यापर्यंत स्वरा. तेही थांबले. बघत राहिले. मग म्हणाले, "काय मॅडम? लिफ्ट अडकली काय?"

लोक हसले. मीही हसले असते, पण जमलं नाही.

"तुला येते का, मॅन, ही भाषा?" आंटीने त्यांना विचारलं.

"नाय बा," गावडे मोठ्याने म्हणाले. "मला नाय वाचता येत हे."

या ओट्यावर हे वाक्य असं उघड कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. आणि कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही, कारण तिथे असलेल्यांत अक्का आणि शिल्पा सोडून कुणालाच ते वाचता येत नव्हतं.

"पाच मिनिटं हायत का?"

"पाचच," म्हणून गावडे वर आले, टोपी मांडीखाली घातली आणि तिकीट घेतलं. स्वरा शिल्पाच्या मागे जाऊन बसली, कोणतं अक्षर कोणतं ते आधी विचारून घ्यायला. मग कदम काकू आल्या. मग 'पत्र्याचं गेट' आलं. 'कुत्रेवाले' आले नाहीत, ते नंतरही कधी आले नाहीत. त्यांची दोन मुलं चर्चच्या पायरीवरून बघत बसलेली असायची. ते पाप माझ्या नावावर आहे.

खेळ पुढे चालला आणि मी मागे मागे पडत गेले. चौथ्यांदा चुकले तेव्हा शिल्पाचा धीर सुटला.

"ताई, हे नाय, ते! किती वेळा सांगू? दिसत नाय का तुला? डोकं आहे का?"

तो आवाज मी ओळखला. तो माझा होता, आठ वर्षांचा. याच ओट्यावर, चार लोकांत, मी अगदी असंच आईच्या कानात ओरडायचे. आणि ती म्हणायची, चष्मा नाही गो. दर रविवारी म्हणायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊन बसायची.

मला तिकीट चुरगळून टाकावंसं वाटलं. मान वर करायची हिंमत नव्हती, म्हणून पायऱ्या चढून कुणीतरी आलेलं मला दिसलं नाही. फक्त शेजारी कुणीतरी गुडघ्यावर हात टेकत बसलं आणि कुंकवाचा, केसांच्या तेलाचा ओळखीचा वास आला.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती माझ्यावरून वाकून शिल्पाशी बोलली.

"हळू सांग गो बाय तिका. नवीन आसा ती."

शिल्पाने मान डोलावली, आणि पहिल्या अक्षरापासून परत सांगायला लागली.